औंदाची ओटी

पावणं, आमच्या गावात भितीला रंग द्यायची कुणाला हौस न्हाय. शिरोळ तालुका, कृष्णेचा काठ. रंग दिला की नदी येती आन पुसून जाती. माझी शेजारीण झुंबरबाई तर माळ्यावर चढवलेली भांडीसुद्धा सगळी खाली काढत न्हाय. "परत चढवायचीच हायत की," म्हणती.

बाई दमली हाय. गुडघं गेल्यात. पाणी वाढलं की धान्याची पोती वर, गाद्या वर, म्हस रस्त्यावर आन माणसं शाळंत. उतरलं की चिखल उपसत बसायचं. लगीन होऊन आली तवापासनं हेच चाललंय.

पोरगं पृथ्वीराज शहाणं निघालं. पाणी पोचत न्हाय तिथं, वरच्या रानात त्यानं चार खोल्या बांधल्या, आन आईला म्हणालं, "तू आन आबा, दोघंबी या. म्हस पण आणा." पण आबा, म्हंजे बाळासो, मुलखाचा हेकट. "बापानं बांधलेलं घर हाय. पाणी काय, चार दिसाचं पावणं."

एकोणीस सालीबी हेच बोलला हुता. पाच सालच्या पुराची खूण भितीवर हाय, तिच्या वर पाणी येतच न्हाय म्हणून बसला. आलं की वर! दोघांना कौलावरनं होडीत घेतलं. दावणीच्या म्हशीचं दावं सोडायलाबी सवड मिळाली न्हाय. आता त्या म्हशीचं कौतुक गावभर सांगत फिरतो. मेल्या म्हशीला मणभर दूध. राग येतो बघा मला. नवऱ्याला सोडून बाई एकटी कशी जाणार? ऱ्हायली मग.

औंदा श्रावणात पाणी उंबऱ्याला लागलं. आमच्याकडं रीत हाय. दारात पाणी आलं की नदी माहेरवाशीण म्हणून आली म्हणायचं. शिव्या द्यायच्या न्हाईत. हळदीकुंकू वाहायचं, खणानारळानं ओटी भरायची आन "बाई, आता सुखानं जा," म्हणून लावून द्यायचं.

झुंबरबाई ताट घिऊन उंबऱ्यात बसली. मी बाळासोसंगट पोती चढवत हुतो. तिनं पाण्याला कुंकू वाहिलं, खण सोडला, नारळ सोडला. आन जा म्हणायचं सोडून म्हणाली, "बये, दरसाल तुला लावून द्यायचं आन दरसाल तू यायचं. आता तूच ऱ्हा हितं. घर तुला दिलं. आमी जातो."

बाळासोच्या खांद्यावर जोंधळ्याचं पोतं हुतं. "आगं, कायतरीच काय बोलतीस?"

"ओटीत घातलेलं माघारी घेत न्हाईत," ती म्हणाली, आन भितीला धरून उठली.

बाळासो माझ्याकडं बघाय लागला. माळ्याकडं एकदा बघितलं त्यानं. मग पोतं तसंच खांद्यावर ठिवून पाण्यात उतरला आन वरच्या रानाच्या वाटंला लागला.