आपल्याच बांधाचा लव्हाळा

जालन्यात घर बांधलं, तेव्हा पुढच्या मोकळ्या जागेत लॉन लावायचं ठरलं. नर्सरीवाला मातीही देत होता, पण मी कसली ऐकते! केदारखेड्याला आपलं शेत असताना विकतची माती? दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधाकडची काळी माती दोन ट्रॉल्या पाठवली. पुढच्या वर्षी ते शेत विकावं लागलं. दादा थकले होते आणि दुसरं करणारं कोणी नव्हतं. ते माझ्याकडे राहायला आले आणि गप्प झाले. दिवसभर व्हरांड्यात बसत, शेताचं नाव काढत नसत. हा माणूस पुन्हा कधी बोलेल का, याची मला फार काळजी लागली होती.

इकडे लॉनमध्ये भलतंच चाललं होतं. कापल्यावर दोनच दिवसांत जागोजागी पोपटी पाती वर यायची, बाकीचं गवत होतं तिथंच. मी चिडून उपटायची. एक उपटलं की आठवड्यात चार हजर. शेवटी हट्टाला पेटले आणि खुरपं घेऊन अख्खा कोपरा उकरला.

"तू तण काढून न्हाई राह्यली, पेरून राह्यली," व्हरांड्यातून आवाज आला.

दादा उठून आले. एक दांडा तोडून माझ्या हातात दिला. "फिरव बोटात." गवताची काडी सरळ फिरते, हा दांडा अडत होता. चक्क तीन धारा! पानंही तीन बाजूंना. मग त्यांनी मातीत हात खुपसून काळी गाठ काढली. तिच्या दोऱ्यासारख्या मुळीला पुढे दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी. उपटलं की दोरा तुटतो आणि खाली राहिलेली प्रत्येक गाठ वेगळी फुटते. नखानं खरवडली तर उटण्याचा वास! मी हरखूनच गेले.

"लव्हाळा हाय. आपल्याच बांधाचा," दादा म्हणाले. म्हणजे मीच तो हौसेनं ट्रॉलीतून आणला होता.

मग आम्ही दोघं मागेच लागलो. पाणी कमी केलं, गाठी वेचल्या, कृषी केंद्रातून लॉन न जाळणारं औषध आणून कोवळ्या पात्यांवर फवारलं. बराच हटला, पण एका कोपऱ्यातून काही जाईना.

दुसऱ्या फवारणीच्या सकाळी मी विचारलं, "दादा, आपल्या वावरातून हा कधी पुरता गेल्ता का हो?"

ते गाठ तळहातावर घेऊन बघत राहिले. "चाळीस वर्सं काढला. त्यानं न्हाई सोडलं वावर. मीच सोडलं."

मला रडूच आलं. पंप भरून ठेवला होता, तो त्या दिवशी तसाच राहिला.