तात्यांचं ब्लडप्रेशर आणि माझी वही

गेल्या सोमवारी आमच्या तात्यांनी डॉक्टरांना पोट धरून हसायला लावलं... खरं तर तात्या तिथे भांडायला गेले होते!

तात्या म्हणजे माझे वडील. वय बासष्ट, आवाज अजून मिरकरवाड्याच्या बंदरापर्यंत ऐकू जाईल असा. मुंबईला माझ्या बहिणीच्या मुलाची मुंज, म्हणून त्यांनी पंधरा दिवस आधीच ट्रंक भरून ठेवलेली. मध्येच एकदा चक्कर आली, डॉक्टरांना दाखवलं, तर ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं.

आठ दिवस रोज सकाळी घरी मोजा, वहीत लिहा, आकडा उतरला तरच मुंबईच्या बोटीत बसा... असा डॉक्टरांचा हुकूम झाला. त्यांनी आपलं जुनं पाऱ्याचं यंत्र दिलं आणि ते वापरायला मला शिकवलं. मी हायस्कुलात सायन्स शिकवतो, त्यामुळे ऐट विचारू नका.

पण दंडाला बांधायची ती पट्टी दहा जणांच्या अंगाला लागलेली. तात्यांनी बजावलं, "मोज हवं तेवढं, पण आंघोळीच्या आधी. सोवळ्यात ती पट्टी मला शिवायची नाही!"

झालं. रोज सकाळी मी ओटीवर यंत्र मांडायचो, फुगा दाबायचो, कानाला नळ्या लावून ऐकायचो. एकशे नव्वद... एकशे पंच्याण्णव... पुन्हा एकशे नव्वद. आईने लोणचं-पापड बंद केले, तरी पारा काही खाली येईना.

चौथ्या दिवशी तात्यांनी गुपचूप ट्रंक माळ्यावर ठेवून दिली. मला फार वाईट वाटलं.

आणि पाचव्या दिवशी आकडा एकशे पन्नास! यंत्र बिघडलं की काय म्हणून मी माझं मोजलं, आईचं मोजलं... दोन्ही ठीक. तात्या वही काखेत मारून तडक डॉक्टरांकडे, मागून मी धावतोय. "ह्यातला खरा आकडा कुठला ते सांगा, नि मला नातवाच्या मुंजीला जाऊ द्या!"

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, मोजण्याआधी काय करता?

"करायचं काय? पोफळींचं शिंपणं. तासभर पायांनी रहाट मारतो, विहिरीवरनं येतो, ह्याच्यापुढे हात करतो नि मग आंघोळ." मग आज? "आज रहाटाची दोरी तुटली हो!"

डॉक्टर हसून हसून खुर्चीतच वाकले. मी मात्र वहीत तोंड खुपसून उभा...

पुढचे तीन दिवस रहाट बंद. तात्यांना अर्धा तास गप्प बसवून मोजलं, आणि त्यांना गप्प बसवणं म्हणजे काय ते आमची आळी जाणते. आकडा दीडशेच्या आसपास राहिला. खारट खायचं नाही आणि धावपळ करायची नाही, एवढ्या अटींवर परवानगी मिळाली. काल तात्या बोटीत बसले, खलाशांना सूचना देत देत.

आज सकाळी नवी दोरी लावून रहाटावर मी चढलो. दहा पोफळींना पाणी पोचेपर्यंत पाय लटपटले, छाती धडधडायला लागली. मुलांना रोज सांगतो, निरीक्षण नीट करा... आणि माझा बाप रोज घामाने निथळत माझ्यासमोर येऊन बसायचा, तेव्हा मी फक्त पारा बघत होतो.

तात्या, मुंजीत मनसोक्त मिरवून या. शिंपणं आता माझ्याकडे.