पटाचा केवळराम आणि बोडीखालची बांधी

केवळरामाचा एक फोटो त्याच्या घरच्या ओसरीत बरीच वर्षं टांगलेला होता. गोंदियाच्या स्टुडिओत काढलेला. मागं पडद्यावर रंगवलेलं कारंजं, त्याच्या शेजारी रंगवलेला मोर आणि पुढं खुर्चीत स्वतः केवळराम. डोक्याला गुलाबी फेटा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात चाबूक. शंकरपटात गाडी हाकणाऱ्याचा फोटो, पण त्यात बैलाचं शेपूटसुद्धा नाही. फोटोवाल्यानं म्हणे विचारलं होतं, "बैल नहीं लाए?" त्यावर हा म्हणाला, "बैलाचं काय काम? जिंकतो तर मी."

इथंच खरं म्हणजे त्याचं चरित्र संपतं. पण असल्या माणसाचं चरित्र त्याच्या एकट्याचं नसतं. ते घरच्या सगळ्यांच्या पोटाला चिमटा काढून तयार झालेलं असतं, म्हणून लांबतं.

कोहमाऱ्याहून देवरीकडे जाताना डाव्या हाताला आमचं गाव. तेव्हा आमचा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता. पुढं तो मुंबई राज्यात गेला, त्याच्याही पुढं महाराष्ट्र झाला. एवढी उलथापालथ झाली, पण केवळरामाचा बाप बकारामजी याची अक्कल पहिल्या दिवशी जिथं होती तिथंच राहिली. माणूस वाईट नव्हता. दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. फक्त त्याला धाकट्या मुलापलीकडचं काही दिसत नसे, आणि तो धाकटा दिवसेंदिवस असा रुंद होत चालला होता की त्याच्यापलीकडचं इतर कोणालाही दिसणं कठीणच होतं.

धान मळून कोठीत पडलं की पौष-माघात आमच्याकडे गावोगाव शंकरपट भरतात. रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, आखलेली सरळ वाट, दोन बैलजोड्या, दोन हलके छकडे, टोकाला लाल झेंडी. बाजूला लाखोळीच्या डाळीच्या वड्यांची कढई. ज्याची जोडी झेंडीला आधी पोचेल तो त्या दिवसाचा राजा. एकोणीसशे त्रेपन्नच्या पटात केवळराम असा राजा झाला. तेव्हा तो काडीसारखा होता. बाकीचे राजे दुसऱ्या दिवशी गादीवरून उतरले आणि शेण काढायला लागले. आमचा राजा उतरलाच नाही.

त्या दिवसापासून त्या घरात यज्ञ सुरू झाला. आधी नांगराचे बैल विकले, कारण पटाच्या बैलांना पेंड पाहिजे आणि पटाचे बैल नांगराला जुंपायचे नसतात. मग नांगरणीसाठी दुसऱ्याचे बैल भाड्यानं आणायचे. म्हणजे गोठ्यात दोन बैल बसून खाणार आणि मालक शेजारच्या दारात "देता का गा बैल" करत उभा. मग केवळरामाची आई सुमित्राबाई हिच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या गेल्या आणि अंगणात नवा छकडा आला, पितळी फुलं ठोकलेला. मग थोरल्या दुधरामचं लग्न एक वर्ष पुढं गेलं. मग आणखी एक वर्ष. मुलीकडचे विचारायला आले तर बकारामजी म्हणाला, "यंदा पाखऱ्याले झूल शिवाची आहे." बैलाच्या झुलीपायी माणसाची हळद थांबलेलं जगातलं हे एकच घर असावं. दुधराम बैलांना पाणी दाखवायला गेला. तो बोलतच नसे. बोलायला लागणारी ताकद अंबिलीतून येत नाही.

कारण दूध, तूप, गूळ, अंडी हे सगळं दुसरीकडे जात होतं. कुठं, ते सांगतो.

पटाच्या बैलांना उडदाच्या पिठाचे तुपागुळात मळलेले गोळे चारतात. ही रीत सगळीकडेच आहे. पण बकारामजीनं त्यात स्वतःची भर घातली होती. त्याचं म्हणणं असं की गाडीवर तिघं असतात, दोन खाली, एक वर. तिघांच्या पोटात एकच अन्न गेलं तर तिघांचं रगत एक होतं आणि इशारा न करता बैलाला वरच्याच्या मनातलं कळतं. म्हणून एकाच परातीत गोळे मळायचे. एक पाखऱ्याला, एक मोऱ्याला, एक केवळरामाला. पुन्हा एक पाखऱ्याला, एक मोऱ्याला, एक केवळरामाला. दोन बैल ते खाऊन सकाळी धावायला जात आणि घामाबरोबर सगळं गाळून येत. तिसरा खाटेवर पडून काळ्या चष्म्यातून छपराकडे बघत असे. बैलांना धावायला नेई दुधराम, पायी, त्यांच्या मागं पळत.

"माह्या आंगावर ताण नाई पडला पाहिजे," केवळराम सांगे. "पटाच्या दिवशी सारा ताण माह्यावरच रायते."

आम्ही गावकरीही काही कमी गाढव नव्हतो. त्याच्या खाटेपाशी बसून आम्ही हे ऐकायचो आणि माना डोलवायचो.

पुढचे दोन हंगाम तो हरत गेला. पहिल्या वर्षी वारा आडवा होता. दुसऱ्या वर्षी समोरच्यानं करणी केली होती. त्या दुसऱ्या वर्षी, पंचावन्नच्या माघात, आमच्या गावच्याच पटात पाखऱ्या आणि मोऱ्या अर्ध्या वाटेत अशा चालीवर आले की जणू वरातीची दमणी ओढताहेत. समोरची जोडी झेंडीपाशी पोचून परत फिरली, तरी आमचा राजा वाटेतच चाबूक उडवत होता. चाक एवढं करकरत होतं की वडे तळणाऱ्यानंसुद्धा झारा थांबवून मान वर केली.

त्याच दिवशी बकारामजीनं ठरवलं, पाखऱ्या म्हातारा झाला. छत्तीसगडाकडून नवा बैल आणायचा आणि त्यासाठी बोडीखालची बांधी विकायची.

आता बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तिच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली बांधी म्हणजे घरातला अन्नाचा हंडा. पाऊस रुसला तरी त्या बांधीत धान होतं. बकारामजीच्या बाकीच्या बांध्या देवाच्या मर्जीवर होत्या, ही एकच घराच्या मर्जीवर. सुमित्राबाई लग्न होऊन आली तेव्हा धानाची पहिली रोवणी, म्हणजे लावणी, तिनं तिथंच केली होती. तोरड्या गेल्या तेव्हा ती गप्प बसली. बांधीचं नाव निघालं तशी ती चुलीपुढून उठली.

"बांधी नाई विकाची," ती म्हणाली.

"तुले पटातलं काय समजते?"

"पटातलं नाई समजत. पोटातलं समजते. बांधी गेल्यावर खासान काय? झूल?"

तेवढ्यात बकारामजीची थोरली बहीण धुरपता आतून बाहेर आली. विधवा बाई, भावाकडेच राहायची, आणि तिच्या तोंडाला बकारामजी लहानपणापासून भीत असे. "बकाऱ्या," ती म्हणाली, "बैल कायले बदलवून रायला? वरचं ओझं बदलव."

केवळरामानं चष्मा काढला. "कोनतं ओझं, आत्या?"

"तू, बापा. तुले पाहून त मले मोऱ्याची दया येते."

"दृष्ट लावतेस काय पोराले!" बकारामजी ओरडला आणि दुसऱ्याच दिवशी देवरीला निरोप धाडला.

देवरीत चुन्नीलाल नावाचा धान्याचा व्यापारी होता. बांधी तोच घेणार होता. बाजाराच्या दिवशी बकारामजी आणि केवळराम बसनं निघाले. सुमित्राबाई न बोलावता बसमध्ये चढून बसली. त्या दिवशी आमच्या गावचे निम्मे लोक देवरीच्या बाजाराला जातच, त्यामुळे पुढचं सगळं आम्ही जवळून पाहिलं.

चुन्नीलालच्या गोदामासमोर आढ्याला टांगलेला भलामोठा तराजू होता. एका पारड्यात मापं, दुसऱ्यात धानाचं पोतं. हमाल तोलत होते. चुन्नीलाल गादीवरून म्हणाला, "आइए बकारामजी, बैठिए." बकारामजी बसला. सुमित्राबाई बसली नाही. ती हमालापाशी गेली.

"भाऊ, माह्या पोराले तोलून दे."

हमाल हसला. केवळरामाला वाटलं, हा आपला मान आहे. देवरीच्या बाजारात, चारचौघांत, तुला होणार! त्यानं फेटा सारखा केला आणि राजा मांडी घालून पारड्यात बसला. समोर धानाचं भरलेलं पोतं ठेवलं. पोतं वर गेलं. हमालानं आणखी अर्धं पोतं टाकलं. तेही वर गेलं. लोक जमले. एक छत्तीसगडी बाई टोपली खाली ठेवून तोंडाला पदर लावून बघत राहिली. दुसरं पोतंही भरल्यावर कुठं केवळरामाचं बूड भुईवरून सुटलं.

आणि बकारामजी काय करत होता? त्याची छाती फुगली होती! "पाहा शेठजी," तो म्हणाला, "दोन पोत्याचा आहे माहा पोरगा. आहे का देवरीत असा दुसरा?"

चुन्नीलालनं कपाळाला हात लावला. "बकारामजी, ये सवार है कि सवारी?"

सुमित्राबाईनं पारड्याची साखळी धरून ठेवली. "आइका," ती नवऱ्याला म्हणाली, "दोन पोते धान गाडीवर टाकून तुमी बैलाले पटात धाडता आनि बैल म्हातारा झाला मनता? येत्या कोहमाऱ्याच्या पटात दुधराम बसन. बैल तेच. मागं पडले त मी सोता सांगीन, बांधी घ्या. पुढं गेले त बांधीचं नाव कोनी काढाचं नाई."

बकारामजीनं शेठजीकडे पाहिलं. पण चुन्नीलालला जमिनीपेक्षा तमाशा जास्त आवडला होता. "बाई ठीक कहती हैं. खेत कहीं भागा थोड़े ही जा रहा है. पट के बाद आना."

तेवढ्या दिवसांत केवळराम घरभर सांगत फिरला की धुरकरीपण, म्हणजे पटात छकडा हाकणं, हे रक्तात असावं लागतं, हातात नस असावी लागते, ऐऱ्यागैऱ्याचं ते काम नाही. दुधरामचंही तेच मत होतं. तो म्हणाला, "माय, मले भेव वाटते." त्यानं बैल चारले होते, धुतले होते, त्यांच्या मागं तो मैलोन्मैल पळाला होता, पण पटाच्या छकड्यावर कधी पाय ठेवला नव्हता.

कोहमाऱ्याच्या पटात त्याला दोघांनी धरून चढवला. सुमित्राबाई बाजूच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी होती. इशारा झाला आणि आम्ही जे पाहिलं ते असं: छकडा सुटला, दुधरामनं डोळे मिटले, दोन्ही हातांनी छकड्याला मिठी मारली आणि झेंडीपर्यंत एकच घोष केला, "थांब रे पाखऱ्या! थांब रे बाप्पा! मले उतरू दे!" चाबूक पहिल्याच झटक्याला खाली पडला होता. नस नाही, इशारा नाही, डोळेसुद्धा उघडे नाहीत. पाखऱ्या आणि मोऱ्या मात्र दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळे झाले होते. ते असे धावले की झेंडी ओलांडून पलीकडच्या बांधीत जाऊन लाखोळी खाऊ लागले. दुसरी जोडी मागून आली.

इतके दिवस ज्याला आम्ही विद्या समजत होतो तिचा असा निकाल लागला. ती विद्या बैलांना येत होती.

लोक दुधरामला खांद्यावर घ्यायला धावले, तर तो छकड्याखाली बसून ओकत होता. सुमित्राबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. तेवढ्यात बकारामजी डोळ्यांत पाणी आणून आला. आम्हाला वाटलं, याला उपरती झाली. तो म्हणाला, "दुधरामची माय, माह्या घरी दोन धुरकरी निघाले! आता दुसरी जोडी घ्यावीच लागन. बांधी विकून..."

"मी मरन," दुधराम छकड्याखालून म्हणाला, "पन पुन्हा नाई बसनार." आयुष्यात तो एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलला.

सुमित्राबाईनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. भर पटात, तमाशा बघायला आलेल्या चुन्नीलालच्या देखत. बकारामजीनं वाक्य तिथंच गिळलं आणि बैल आणायला गेला.

त्या दिवसापासून परातीत दोघांचेच गोळे मळले जाऊ लागले. केवळरामाच्या पुढं अंबील आली. त्यानं ती बोटानं ढवळून पाहिली, "ह्या घरात कलाकाराची कदर नाई" असं म्हणाला, फोटो भिंतीवरच ठेवून आमगावहून गाडी धरली आणि दरेकशाला मामाकडे गेला. मामा मंगरू जंगलात लाकूडतोडीला जाणारा साधा माणूस. भाच्याचा फेटा आणि चष्मा पाहून तो भारावला. महिन्याभरात बातमी आली की मंगरूनं बकऱ्या विकून छकडा करायला टाकला आहे. अशा माणसाला नवं घर शोधावं लागत नाही. नवं घरच दारात उभं असतं, हातात तुपाची वाटी घेऊन.

इकडे दुधरामचं लग्न झालं. बोडीखालच्या बांधीत त्या वर्षी धान चांगलं आलं. दिवाळीनंतर मी दरेकशाकडे जाणार असं कळल्यावर सुमित्राबाई नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आमच्या ओसरीवर आली.

"एवढं माह्या भावाकडे पोचव, बापू. आपल्या बांधीचं आहे."

"केवळरामासाठी का?"

"त्याच्याच साठी. काही झालं तरी पोरगा आहे माहा." ती थोडी थांबली. "पन मंगऱ्याले सांगजो, याचा भातच करून दे मना. वरून तूप नको टाकू. आनि हे गाठोडं केवळ्याले उचलाले लावजो टेसनापासून. तू नको उचलू."

मी स्टेशनावर उतरलो तेव्हा केवळराम घ्यायला आला होता. काळा चष्मा तसाच. गाठोडं पुढं केलं, तर त्यानं दोन्ही हात मागं बांधले.

"माह्या हाताले ताण नाई पडला पाहिजे," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात पट आहे."

त्याच्या मागून मंगरू धावत आला आणि गाठोडं त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं.