ताप, मफलर आणि मांडवातला टीव्ही

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझ्या जुन्या लॅपटॉपच्या एका बटनावर हळदीचा डाग आहे आणि काल तो पुसताना मी एकटाच हसत सुटलो. तो डाग पडला तेव्हा मी कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला होतो. ऑफिसात लॅपटॉप तिथल्या वायफायवर आणि चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरही. घरी मोबाईलचं नेट आणि चित्र फक्त लॅपटॉपवर. ही अदलाबदल बोटं रोज आपोआप करत. पुतण्याची हळद आली आणि साहेबांनी बजावलं, “आता दांडी मारलीस तर कायमचा घरी बस.” म्हणून मी ताप आल्याचं कळवलं. आमच्या कोन गावात घरासमोर मांडव होता आणि नवरदेवाचे लहानपणीचे फोटो दाखवायला खिडकीतून वायर टाकून खोलीतला लॅपटॉप मांडवातल्या टीव्हीला जोडला होता. तेवढ्यात साहेबांचा व्हिडिओ कॉल! मी बाहेर वाजणारा बेंजो थांबवायला लावला, तोंडावरची हळद धुतली, मफलर गुंडाळला. चित्र फक्त लॅपटॉपवर घ्यायचं होतं, पण समोर साहेब म्हटल्यावर हळदीच्या बोटांनी सवयीने ऑफिसचंच, दोन्हीकडे चित्र दिसायचं सेटिंग लावलं. खोलीत मी कण्हत होतो, “साहेब, अंगात त्राणच नाही,” आणि बाहेर अख्खा मांडव टीव्हीवर आम्हा दोघांना बघत होता. हसण्याचा गलका झाला आणि पदर सावरत आई आत आली. आज आई नाही, पण ते साहेब भेटले की आधी तिचंच वाक्य म्हणतात, कारण ते ऐकून साहेब त्या दिवशी खरंच पंगतीला येऊन बसले होते: “सायेब, याला ताप-बिप काय न्हाय, घरात हलद हाय, तुमी पन जेवाला या!”