वसुमतीअक्काचा थकवा

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव वसुमती, पण आमच्या घरात आणि ती काम करते त्या दुकानातही सगळे तिला अक्का म्हणतात. बंगळूरच्या चिकपेट बाजारातल्या एका गल्लीत साड्यांच्या ठोक दुकानाच्या माडीवर बसून ती पदरांना रेशमी गोंडे बांधते. इकडे त्यांना कुच्चू म्हणतात. दिवसभर मान खाली, बोटांत दोरा.

गेल्या पावसाळ्यात ती थकायला लागली. आमच्याकडे पन्नाशी उलटलेल्या बाईनं थकणं ही कुणाला सांगायची गोष्ट नव्हेच. सकाळी उठतानाच पाय जड. कुकर लावून ती ओट्याला टेकून उभी राहायची. भावोजी म्हणायचे, "वयाप्रमाणे होणारच." तिलाही ते पटायचं.

माडीवर बायकांसाठी संडास नव्हता, आणि खालच्या मजल्यावरच्याला मालकाचं कुलूप असे. जिना उतरून, हातगाड्यांच्या गर्दीतून पलीकडच्या हॉटेलात जावं लागे. आता सारखंच जावं लागू लागलं, तेव्हा दुकानाचा मालक विचारायला लागला, "एनु अक्का, काय हे, पुन्हा?" तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग तिनं पाणी पिणंच कमी केलं. जीभ टाळूला चिकटायची, तरी संध्याकाळपर्यंत कळ काढायची. बाहेर पडली की कोपऱ्यावरच्या गाडीवर साखर घातलेला मोसंबीचा गार रस घटाघटा प्यायची. तेवढ्यापुरतं बरं वाटे. घरी येईतो पुन्हा घसा कोरडा.

ब्लाउज सैल झाले. गौरीच्या जेवणाला आलेल्या बायकांनी तिला घेरलं. "अक्का, काय छान बारीक झालीस! आम्हालाही सांग की." अक्का नुसती हसली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. चपलेनं टाचेला झालेली जखम महिना झाला तरी ओली होती, तीही तिनं साडीच्या काठाआड ठेवली.

शेवटी डोळ्यांनी अडवलं. सुईत दोरा जाईना. तिनं नवा चष्मा केला, पण थोड्याच दिवसांत त्यातूनही धूसर दिसू लागलं. ती चिडून चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदार यशोवर्धन आमच्याच ओळखीतला. त्यानं डोळे पुन्हा तपासले आणि म्हणाला, "अक्का, मागचा नंबर आज राहिलेलाच नाही. आता दुसरी काच बनवून उपयोग नाही. आधी रक्तातली साखर तपासून या."

"मला कशाला डायबेटिस होईल? मी मिठाईला हातसुद्धा लावत नाही."

"तहान फार लागते का?"

अक्कानं चष्मा उचलून पिशवीत टाकला.

तिथून ती थेट माझ्या घरी आली. "चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाली.

आम्ही डॉक्टर रम्यांकडे गेलो. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांच्या सरासरीची अशा तपासण्या झाल्या. तिन्ही आकडे फार वर होते. डॉक्टरांनी कन्नडमध्ये शांतपणे समजावलं. "साखर रक्तात साचते आहे, पण अंगाच्या कामी येत नाही. म्हणून थकवा. जास्तीची साखर लघवीवाटे जाते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. जेवूनही शरीर उपाशीच, म्हणून वजन उतरलं. डोळ्यांचा नंबर हलतो आणि जखम भरत नाही, तेही त्यातलंच."

अक्का खुर्चीत पुढे सरकली. मग विचारलं, "म्हणजे मी आळशी झाले नव्हते?"

"नाही अक्का. आजारी होतात."

माझी बहीण तिथे रडली. आई गेली तेव्हाही तिला चारचौघांत रडताना मी पाहिलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, रस बंद झाला, भाताची वाटी लहान झाली. टाचेची जखम सुकली. नजर स्थिरावल्यावर यशोवर्धननं चष्मा करून दिला. मग बरं वाटतंय म्हणून तिनं कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. शेजारच्या चंपानं कारल्याचा रस सुचवला होता, तो घेत राहिली. दिवाळीनंतर तीच तहान परत आली आणि तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "गोळीमुळे बरं वाटत होतं. ही मध्येच सोडायची गोष्ट नाही," म्हणाल्या.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली. फार दमलेला आवाज होता तिचा.

निघताना डॉक्टरांनी मला थांबवलं. सख्ख्या बहिणीला आहे, तेव्हा तुम्हीही साखर तपासून घ्या, म्हणाल्या. मला काहीच त्रास होत नव्हता. तरी तपासलं. साखर मधुमेहाच्या काठावर निघाली.

अक्कानं मालकाशी भांडून खालच्या मजल्यावरच्या संडासाची किल्ली मिळवली. काम निम्मं केलं. तळव्यांच्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, म्हणून रोज पाय धुताना ती बोटांच्या बेचक्यांतून कुठे न कळलेली जखम तर नाही ना, हे नीट बघून घेते. सकाळी आम्ही दोघी लालबागेत फिरतो. ती थांबली की मीही थांबते, एखाद्या बाकावर टेकतो आणि पुन्हा निघतो.