सर्टिफिकेट दाखवा!

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या टीमचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. आणि प्रत्येक किश्श्यात जीव माझाच जातो हो!

काम असं होतं. आमच्या प्रोग्रॅमने एका बँकेच्या सर्व्हरशी बोलायचं. आधी बँक आपलं सर्टिफिकेट, म्हणजे कॉम्प्युटरचं ओळखपत्रच, दाखवणार, मग आपण आपलं. दोघांची एकमेकांना ओळख पटली तरच पुढची बात. काम दिलं पुण्याहून आलेल्या केतकीला. बिचारी प्रोबेशनवर. शुक्रवारची टेस्ट पास झाली तर नोकरी पक्की, नाहीतर बॅग भरायची!

*

पहिल्याच दिवशी उड्या मारत आली. "झालं कनेक्ट!"

मी कोड पाहिला. पोरीने बँकेचं सर्टिफिकेट तपासणंच बंद करून टाकलेलं!

"अगं, समोर बँक आहे की चोर, कसं कळणार?"

"पण एरर गेली ना!"

मी कपाळावर हात मारला.

*

सर्टिफिकेटसोबत एक प्रायव्हेट की असते. तिजोरीची किल्लीच समजा, कुणाला द्यायची नसते. आमच्या किरणने ती थेट ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली! त्या ग्रुपात कँटीनवालासुद्धा आहे!

"सारखं कोण मागत बसणार?" म्हणे.

आणि खाली पहिला थम्स-अप कुणाचा? मॅनेजरचा!

*

मॅनेजर म्हणजे रघुनाथअण्णा. बनशंकरीचे, पिढ्यानपिढ्या बंगळूरचे मराठी. गुरुवारी कळलं, आमच्या सर्टिफिकेटची मुदतच संपलीय! माझ्या तोंडचं पाणी पळालं. अण्णा थंड.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट करा की! कॉम्प्युटरची तारीख मागे घ्या, सरी होतं, सगळं ठीक!"

"अण्णा, मुदत बँक तपासते! तिच्या घड्याळात!"

"मग त्यांनापण मागे घ्यायला सांगा."

माणूस हे पूर्ण शुद्धीत बोलला, शपथ! शेवटी मीच बँकेच्या हातापाया पडून नवं सर्टिफिकेट मागवलं. केतकी रडकुंडीला आलेली.

*

शुक्रवारी बँकेचे साहेब फोनच्या स्पीकरवर. केतकीने प्रोग्रॅम चालवला.

कनेक्ट!

"वा! ओळख पटली तुमची," साहेब म्हणाले. "आमच्याकडे सिक्युरिटी फार कडक असते बरं का!"

"केतकी, तू कन्फर्म!" अण्णांनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि म्हैसूरपाकाचा बॉक्स फोडला. टाळ्याच टाळ्या! मला तर इतका आनंद झाला म्हणून सांगू!

केतकी मात्र स्क्रीनकडे बघत पांढरीफटक. तिने मला हळूच जवळ बोलावलं.

"दादा, ते नवं सर्टिफिकेट..."

"त्याचं काय?"

"ते अजून माझ्या मेलमध्येच आहे. जुनं काढून टाकलं, पण हे कोडला जोडायचंच राहिलं. आपण बँकेला काहीच दाखवलेलं नाही!"