मालक, अपीलचं काय झालं जी?

जमना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एका नवरीच्या हातात बांगड्या भरत होते. दोन डझन फुटल्या... मी सगळ्यांना चार डझन सांगते. जमनाला कमी शोभत नाही.

वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये ती धान वाळवायची. मालकानं तिला कोठीत कोंडून तिच्यावर बलात्कार केला. तोंड झाक, गप्प बस, असं सगळ्यांनी समजावलं. तिनं भर कोर्टात बोट दाखवून त्याला सक्तमजुरी लावली. पण त्यानं जबलपूरला हायकोर्टात अपील केलं आणि जामिनावर परतला. स्टेशनवर त्याच्या गळ्यात हार असे पडले, की अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात आठवडाभर देवांना झेंडू मिळाला नाही.

दुसऱ्या सकाळी जमनानं मिलच्या फाटकासमोर, माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागून पोतं अंथरलं आणि शिंगाड्यांची टोपली मांडली. मालक बाहेर पडला की उठून उभी राहायची आणि अगदी अदबीनं विचारायची, “मालक, अपीलचं काय झालं जी?” आवाज असा, की मिलचा भोंगा ओशाळायचा आणि तिकडे दूर राजेगावच्या नाक्यावर बैल थबकायचे. त्यानं टोपली लाथाडली; आम्ही शिंगाडे वेचून दिले. मग मुनीम आला. माफ कर बाई, मालकाच्या लेकराबाळांकडं पाहा, म्हणाला. जमना शिंगाडा सोलत राहिली.

“उचलीन नं टोपली. पन पयले तो मले बेड्यात दिसला पायजे.”

अपील लोंबकळलं. तोवर हमाल, टांगेवाले, सगळे त्याला तिचाच प्रश्न विचारू लागले. त्याच्या लेकीच्या लग्नात म्हणे व्याह्यानंच विचारला. शेवटी अपील फेटाळलं गेलं. पोलीस त्याला बेड्या घालून फाटकातून घेऊन निघाले तेव्हा जमनानं एक शिंगाडा तोंडात टाकला... सावकाश चावला. मग टोपली उचलली. शब्दाची पक्की.

शिक्षा भोगून तो परतला, तर पोतं पुन्हा तिथंच. “कसं काय मालक, तिकडचा भात मऊ होता का जी?” त्यानंतर त्यानं मिलला मागून दुसरं फाटक काढलं. मरेपर्यंत जमनानं त्याला पुढून निघू दिलं नाही.

ती गेली आणि म्हातारा झालेला मालक पुन्हा पुढच्या फाटकातून ऐटीत निघू लागला. परवा मी दुकान उघडायच्या आधी माझ्याकडं राहिलेलं तिचं पोतं झटकलं आणि तिच्या जागी अंथरलं. वर टोपली नाही, काही नाही. म्हातारा काठी टेकत आला, पोत्याकडं पाहत उभा राहिला... आणि मागच्या फाटकाकडं वळला.

आता मी ते रोज अंथरते.